रेकॉर्डमधल्या सासूबाई

माझ्या लग्नाच्या सतरा वर्षं आधी माझ्या सासूबाई वारल्या, आणि आमच्या घरी राहायला आल्या त्या लग्नानंतर तीस वर्षांनी. मधला सगळा काळ मी सुखात होते. "मला सासू नाही" हे मी सुरतेजवळच्या आमच्या उधन्यातल्या प्रत्येक बाईला एकदा तरी ऐकवलं होतं. (ज्यांना सासू होती त्यांना दोनदा!)

आमच्या ह्यांना आई आठवतच नव्हती. ती गेली तेव्हा हे सहा वर्षांचे. फोटो नाही, लुगडं नाही, काही नाही. होती ती एक लाखेची जुनी तबकडी, सुरतेच्या जुन्या बाजारात ह्यांना सापडलेली. आमच्या खानदेशातल्या एका भजनी मंडळाला कुणीतरी मुंबईला नेऊन एक गवळण भरून घेतली होती. मंडळात तीन बाया, त्यातली एक माझी सासू. एवढं ह्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

तबकडी लावली की आधी तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखा तडतडाट, आणि त्यामागून तीन बाया. हे डोळे मिटून बोट वर करायचे.

"ही! मधली. जरा ओढून गाते ना, ती माय."

"कशावरून?"

"मायचा आवाज मला कळणार नाही?"

मला तिघींचा मिळून एकच आवाज ऐकू यायचा. आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग होते आणि ते दिवसरात्र खडखडत. त्यामुळे तबकडी लागायची फक्त बुधवारी. बुधवारी मागांना सुट्टी.

ह्यांचे मित्र हसमुखभाई. त्यांचं शिलाईच्या दोऱ्याचं दुकान, पण घरात माणसांपेक्षा रेकॉर्डी जास्त. एक्याण्णव की ब्याण्णव साली ते एक नवी कोरी रेकॉर्ड काखेत मारून आले. जुन्या तबकड्यांवरची गाणी साफसूफ करून कंपनीने एकीवरच भरून पुन्हा काढली होती. त्यात आमची गवळण!

"भाऊ, नवी तुम्ही ठेवा. जूनी मला द्या."

"नवी चांगली असेल तर तुम्हीच का ठेवत नाही?" मी विचारलं.

"भाभी, नवी धुतलेली छे. धुतलं की मळ जाय, साथे रंग पण जाय. असली माल तो जूनो!" (माणूस लबाड नव्हता. तोट्याचा सौदा आहे हे स्वतःच सांगत होता.)

हे म्हणाले, "तीन बुधवार ऐकतो. ज्यात माय नीट ऐकू येईल ती माझी. दुसरी तुमची."

पहिला बुधवार. दुपारची वेळ. माग बंद पडले की उधन्यात अशी शांतता पसरते की आपल्याच कानात काहीतरी वाजत राहतं. ह्यांनी नव्या रेकॉर्डवर सुई ठेवली. तडतडाट नाही. खरखर नाही. काहीच नाही. मला वाटलं, बिघडली.

आणि त्या काहीच नसण्यात एक बाई गायली.

लांबून. विहिरीच्या तळाशी बसून, वर कुणी फडकं टाकल्यासारखी. टाळ नाही, पेटी नाही. अर्धीच ओळ, आणि गप्प. मग दाणकन गाणं सुरू झालं, अगदी स्वच्छ. हे बोट वर करून बसले होते, ते बोट तसंच राहिलं.

"मधली ओढत नाहीये. माय नाही यात!"

"मग आधी कोण गायलं?"

ह्यांनी पुन्हा सुई ठेवली. पुन्हा शांतता. पुन्हा ती. माझ्या हातावरचा केस न् केस उभा राहिला.

"माय गाण्यातून बाहेर आली," हे हळूच म्हणाले.

तेवढ्यात शेजारची शकू वाटीभर बेसन मागायला आली. तिलाही ऐकवलं. वाटी तिथेच टाकून ती दारात जाऊन उभी राहिली.

"ताई, ह्या तुमच्या सासूबाईच! तीस वर्षांत कधी नैवेद्य दाखवला?"

"पितरांना दाखवते की!"

"तो सगळ्यांच्यात मिळून. त्यांचा एकटीचा?"

मी तिला चांगली फटकारली. चौथीपर्यंतच शिकले असले तरी असल्या थोतांडावर माझा विश्वास नव्हता. ती गेली, मी दार लावलं आणि मुकाट्याने भरताची वांगी भाजायला घेतली.

मग काय विचारता! रेकॉर्ड लागायची नसली तरी त्या खोलीत जाताना डोक्यावर पदर. रेकॉर्डच्या मशीनकडे पाठ करायची नाही. ह्यांच्यावर ओरडायचं असेल तर मोरीत बोलावून ओरडायचं! एकच खोली आणि एक मोरी, त्यातली खोली सासूबाईंची. शकू गल्लीभर सांगत सुटली होती. ज्यांना मी दोनदा ऐकवलं होतं त्या बाया मुद्दाम येऊन विचारायच्या, "काय म्हणतात सासूबाई?"

दुसऱ्या बुधवारी माझं डोकंच फिरलं. सासूबाई नवऱ्याला मागे ठेवून, अहेवपणी गेलेल्या. मी रेकॉर्डला हळदकुंकू लावलं! मधल्या कागदावरच लावलं होतं, पण चिमूटभर कुंकू काळ्या भागावर सांडलं. सुई ठेवली तर विहिरीतली बाई खाकरत, घसा खरवडत गायली.

हे काळजीत पडले. "मायला सर्दी झालीय."

आणि मी (देवाशपथ सांगते) भरताशेजारी आल्याचा काढा ठेवला.

तिसरा बुधवार निकालाचा. ह्यांनी गावाहून आपल्या मावशीला बोलावून घेतलं होतं. सासूबाईंची धाकटी बहीण, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंत धरून चालायच्या. बहिणीचा आवाज ऐकायला म्हणून सत्तरीत एसटीने आल्या. हसमुखभाईही आले आणि मशीनपुढचं ताट बघून दारातच थबकले.

"आ शूं छे? रेकॉर्ड ऊपर कंकू?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी रेकॉर्ड रुमालाने पुसली, कान लावून ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे भाभी, भूत-बूत कंई नथी! रेघा बहु पासे-पासे, चिकटून कापल्या छे. पुढच्या रेघेचा आवाज मागच्या रेघेत उतरतो. जूनीत पण हशे, पण तिथे खरखर एटली की कोणाला ऐकू येणार?"

त्यांचं म्हणणं मला लगेच पटलं. कच्च्या रंगाचं सूत शेजारच्या सुताला लागतं, तसं. पण हे ऐकेनात.

"रेघेतून येवो नाहीतर विहिरीतून. आवाज मायचा आहे. मावशी, तूच सांग."

पुन्हा सुई. विहिरीतली बाई गायली. मावशी मान तिरकी करून ऐकत होत्या. पांढुरके डोळे आमच्या कुणाकडेच नव्हते.

"हाऊ आवाज मनी बहीनना नही शे," त्या म्हणाल्या.

हे पांढरेफटक.

"ही मंडळमानी द्वारकी. तुनी माय कोठे गाये? ती टाळ वाजाडे!"

मंडळातला टाळकरी ऐनवेळी आजारी पडला, म्हणून सासूबाईंच्या हातात टाळ दिले होते. मावशी तेव्हा ह्यांनाच कडेवर घेऊन स्टुडिओच्या काचेबाहेर उभ्या होत्या. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं!

"तुम्ही मावशींना कधी विचारलं नाहीत?" मी ओरडले. (मोरीत न जाता!)

"त्यात विचारायचं काय?" हे पुटपुटले.

जुनी लावली. तडतडाटात टाळ शोधून सापडेनात. नवी लावली. टाळ असे लख्ख, की कुणीतरी खोलीत बसून वाजवतंय. आणि प्रत्येक ठोका केसभर उशिरा. गवळण संपली, पेटी थांबली, बाया थांबल्या. सगळं थांबल्यावर, एकटाच, एक ठोका. खण्ण.



मावशी खुदकन हसल्या. "तिले कधी थांबानं ते कळेच नही!"

ह्यांनी सुई उचलली आणि शेवटाजवळ पुन्हा ठेवली. खण्ण. पुन्हा ठेवली. अकरा वेळा! मी मनात हिशेब करत होते, की तीन बुधवार मी भरीत, काढा आणि कुंकू कुणा भलतीच्याच सासूला वाहिलं.

जुनी तबकडी हसमुखभाई घेऊन गेले, नवी आमच्याकडे राहिली. वर्षभराने ते पुन्हा आले. म्हणाले, "भाभी, विचार केला. टाळसाठी नवी चांगली, गळ्यासाठी जूनी. दोन दिवस नवी द्या, घरी मेळवून बघतो."

हे 'घेऊन जा' म्हणणार, इतक्यात मीच आडवी आले.

"मुळीच नाही! आमच्या सासूबाई परक्या घरी मुक्कामाला जात नाहीत!"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण रेकॉर्ड दिली नाही.