फ्रेंच पाळणा

मुलांनो, तुमच्या आत्याने बाळाची खोली फ्रेंच पद्धतीने सजवायचं ठरवलं. पाळण्यावरची झालर शिवायला दिली ती शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे. त्या ओठांत टाचण्या धरूनच बोलतात. आत्याने दाखवलेला फ्रेंच पाळण्याचा फोटो पाहून म्हणाल्या, "ही मच्छरदाणीच मा गो?" खोलीचं हसं होणार, ही धास्ती आत्याने बाळंतपणाला दवाखान्यात गेल्यावरही सोडली नाही.

बाळ घरी यायच्या सकाळी बाईंनी झालर टांगली, हुबेहूब फोटोतली. मग माझा वरवंटा धुऊन, त्याला लेसचं टोपडं घालून पाळण्यात निजवला. "फ्रेंच आसांदे नायतर मालवणी, पाळणो रिकामो ठेवूचो नाय."

आत्या दारातच खळखळून हसली. वरवंटा उचलून तिने बाळाला निजवलं. तेव्हा बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"आता झालो पाळणो फ्रेंच."