न पोळणारे पाय

माझे सासरे, आबा, गेले ते ज्या गोष्टीसाठी आम्ही त्यांच्यापुढे टाळ्या वाजवायचो, तिच्यामुळेच गेले. हे मी घरात एकदाच बोलले. सासूबाई उठून आत गेल्या आणि नवरा बरेच दिवस माझ्याशी धड बोलला नाही, म्हणून आता लिहून काढते आहे.

चाकणपासून थोडं आत आमचं गाव. जमीन कंपन्यांना गेली. उरलेल्या तुकड्यावर आबांनी पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि त्यात बीडची, लातूरची, कुठली कुठली पोरं भाड्यानं राहायला आली. आबांनी त्यांना भाडेकरू कधी मानलंच नाही. जत्रेला मटणाची पातेली चढायची, त्यातली निम्मी खोल्यांकडे जायची. कुणाची पहिली शिफ्ट असली की आबा पहाटे अंगणात उभं राहून त्याला हाका मारणार, त्याही त्याच्याच गावच्या बोलीत, नक्कल करून. मी चिंचवडची, सोसायटीत वाढलेली. आमच्याकडे शेजारी वाटीभर साखर दिली तर वाटी परत यायची वाट बघतात. नवी होते तेव्हा या माणसाचं मला हसू यायचं आणि रागही यायचा.

चप्पल तर त्यांच्या पायात टिकायचीच नाही. ठेकेदार बुटाशिवाय गेटच्या आत घेत नाही, असं एका पोरानं रडवेलं होऊन सांगितलं, तर आबांनी दिवाळीला घेतलेले बूट तिथंच पायातून काढून त्याला दिले आणि भर दुपारी डांबरी रस्त्यानं अनवाणी घरी आले.

"आबा, पाय पोळले असतील," मी म्हणाले.

"शेतकऱ्याचा पाय हाय पोरी. तुमच्या सोसायटीतला न्हाई."

उन्हाळ्यात त्यांचा एक खेळ असायचा. खोल्यांचा उरलेला एक पत्रा अंगणात पडलेला होता, दुपारी तो तव्यासारखा तापायचा. त्यावर अनवाणी कोण जास्त वेळ उभं राहतं, अशी पैज. नातवंडं, भाचरं, सुट्टीवर असलेले भाडेकरू, सगळे एकेक करून चढायचे आणि बोंबलत खाली उड्या मारायचे. शेवटी आबा चढायचे. तंबाखू मळायचे, मेहुण्याला फोन लावून त्याच्या तब्येतीची चौकशी करायचे, आणि पोरं ओरडून ओरडून दमली की सावकाश उतरायचे. हरणाऱ्यानं बर्फाचा गोळा खायला घालायचा असा नियम होता, पण जिंकून वर सगळ्यांना गोळा आबाच द्यायचे. स्वतः दोन खायचे, जास्तीचा रंग मागून. साखर वाढली आहे असं गावातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं. "साखर वाढली तर वाटायची असती," असं म्हणून आबांनी त्यालाच पेढे नेऊन दिले होते.

मी पहिल्यांदा चरकले ते न्हाणीघरापाशी. त्यांच्या अंघोळीचं पाणी बंबातून काढून ठेवलं होतं, मी त्यात विसाणाचं गार पाणी घालायला गेले तर आबा आत गेलेलेही होते. दाराबाहेर पाण्याचा ओघळ आला, माझ्या पायाच्या बोटांना लागला आणि मी किंचाळलेच. आतून गाणं चालू होतं. बाहेर आले तेव्हा त्यांचे पाय घोट्यापर्यंत लालभडक झालेले होते आणि ते मला विचारत होते, पोहे झाले का?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आबांचं तसंच आहे. लहानपणापासून बघतोय." त्याच्या आवाजात अभिमान होता. या घरात आबांच्या पायांचा सगळ्यांनाच अभिमान होता, आणि अभिमानाला कोण डॉक्टरकडे नेतं?

मग एकदा ते चावडीवरून आले तेव्हा एकाच पायात चप्पल होती. ओट्यावर बसलेली मंडळी हसायला लागली. दुसरी कुणाला दिली, असं कुणीतरी विचारलं. आबांनी खाली पायाकडे पाहिलं. अगदी क्षणभर पाहिलं असेल, पण मी दारातच उभी होते. चप्पल कधी निसटली ते त्या माणसाला ठाऊक नव्हतं. मान वर केली तेव्हा चेहरा नेहमीचा झाला होता. "एक दिली, एक ठिवली. दोन्ही दिल्या तर तुमची काकी घरात घेईना," असं म्हणाले, आणि जो हशा उठला त्यात मीही हसले. 

त्या वर्षी जत्रेत ते पालखीपुढे तासन् तास नाचले. घरभर गुलाल आला. तो फरशीवरून एका पुसण्यात कधीच जात नाही, चार-आठ दिवस गुलाबी पाणी निघत राहतं, म्हणून मी निमूट पुसत होते. पण आठवडा उलटल्यावरही पांढऱ्या फरशीवर सकाळी पुसलेलं दुपारी परत दिसायला लागलं. डागही सगळीकडे नव्हते. एक पाऊल सोडून एक, असे एकाच पायाचे होते. मी फडकं नाकाशी नेलं आणि मग ते तसंच हातात धरून डागांच्या मागे गेले. ओट्यावर आबा खुर्चीत बसून पोरांना कसलीशी गोष्ट रंगवून सांगत होते.

मी खाली वाकून त्यांचा उजवा पाय हातात घेतला. त्यांना वाटलं, सून पाया पडते आहे. "अखंड सौभाग्यवती भव, आन् नवऱ्याला जरा अक्कल येवो," असा आशीर्वाद त्यांनी दिला. पोरं खिदळली. तळव्यात लेथवरची बर, म्हणजे लोखंडाची कुरळी साल, आत रुतून बसली होती. आमच्याकडच्या रस्त्यांवर ती कुठंही पडलेली असते. भोवतीचं मांस काळं पडलं होतं आणि वास येत होता.

"आबा, हे कधी घुसलं?"

त्यांनी वाकून तळव्याकडे बघितलं.  मग हळूच म्हणाले, "मला म्हाईत न्हाई."

चिंचवडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. साखरेनं पाय बधिर झाला आहे, पाऊल वाचणार नाही, उशीर झाला आहे, हे डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं. नवरा भिंतीला टेकून उभा राहिला. दुसऱ्या पायाचं काय, ते आता बघायला हवं होतं. तो तरी शाबूत असेल तर माणूस उभा राहील, असं मी मनाशी घोकत आत गेले.

डॉक्टरांनी आबांना डोळे मिटायला सांगितले. हातात कापसाचा बोळा घेतला आणि म्हणाले, "डाव्या पायाला हात लावला की सांगायचं."

आबा उशीवर रेलले. मला माहीत असलेलं त्यांचं सगळं नाटकीपण चेहऱ्यावर आलं. "लागला," ते म्हणाले. "आता टाचंला. आता अंगठ्याला. अहो डॉक्टर, पुरं की, गुदगुल्या व्हत्यात." ते खरंच अंग चोरून हसले. परिचारिकेलाही हसू फुटत होतं, पण तिनं डॉक्टरांकडे पाहिलं आणि ती थांबली. डॉक्टर पलंगापासून दूर उभे होते. दोन्ही हात त्यांनी मागे बांधले होते.

कुणीच काही बोलेना, तेव्हा आबांचं हसू ओसरलं. डोळे मिटूनच त्यांनी हात पुढे करून चाचपला. मी तो धरला.

"पोरी, खरं सांग. त्यांनी हात लावला व्हता का?"

"व्हय आबा," मी म्हणाले.

"मंग झालं," ते म्हणाले. डोळे उघडले नाहीत. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की माझी बोटं दुखायला लागली.