चकमकीची काळी चिंधी

बायको गेली त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून घरातलं एकच काम मी मनापासून केलं आणि तेच चुकलं. तिची चकमकीची नळी मी साफ केली.

चकमक म्हणजे काय ते सांगतो, आता सगळे लायटरवाले झाले आहेत. पैनगंगेतली एक गारगोटी, लोहारानं मोडक्या कानशीची करून दिलेली पोलादी पट्टी, आणि ठिणगी धरायला काहीतरी मऊ. ते बांबूच्या नळीत बूच लावून ठेवायचं. जैनथकडे आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मारोती आहे. पोरगा लहानपणी तापानं फणफणला तेव्हा बायकोनं नवस बोलला, दर माघात रोडगे करीन आणि त्याचा विस्तव दगडातून काढीन, काडी लावणार नाही. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. पोरगा वाचला. आता त्याचं पोट सुटलं आहे, पण नवस चालू आहे.

विस्तव मी काढायचो. म्हणजे गावाला तसं माहीत होतं. मी मांडी घालून, मान वर करून पट्टी हाणायचो. ठिणग्या उडायच्या. ती खाली वाकून दगडाशी काहीतरी धरायची, फुंकायची, की जाळ. लोक म्हणायचे, काय हात आहे बुवा. मलाही तसंच वाटायचं.

यंदा आदल्या दिवशी नळी उघडली तर आत काळीकुट्ट चिंधी. वाटलं, दुखण्यात बिचारीला बदलायला जमलं नसेल, काजळी धरली. चिंधी उकिरड्यावर फेकली, नळी धुतली, उन्हात वाळवली आणि पांढराशुभ्र कापूस ठासून भरला. घरात आढ्यापर्यंत कापूस पडला असताना माणसानं चिंधी काऊन वापरावी?

दुसऱ्या दिवशी शेतात वीस-पंचवीस माणसं जमली. कणिक मळून झाली, वांगी चिरून झाली, गोवऱ्या रचल्या. मी बसलो, कापूस दगडावर धरला आणि हाणली पट्टी. ठिणगी कापसावर पडली, विझली. दुसरी विझली. विसावी विझली. अंगठ्याचं साल निघालं.

पोरगा म्हणाला, "बाबा, लायटर देऊ काय?"

"तुह्याच जिवाचा नवस हाय लेका, अन तूच लायटर देऊन राह्यला?"

तो मागं सरला. मग सून आली. "मामाजी, लोकायले भुका लागल्या."

"मंग मी काय झोपलो हावो?"

शेजारच्या शेतातला म्हातारा बिडी चघळत म्हणाला, "कापूस ओला असंन."

"तू भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यावानी बोलू नोको."

तोंडानं मी भांडत होतो, पण डोक्यात तिचा नवस होता. तिनं दिलेला शब्द तिच्या हयातीत एकदाही मोडला नाही. ती गेल्यावर पहिल्याच माघात तो माझ्या हातून मोडणार होता.

तेवढ्यात भीमपूरहून ऑटोनं साळी आली, बायकोची धाकटी बहीण. तिनं माझा अंगठा पाहिला, नळी पाहिली, कापूस ओढून काढला.

"भाऊजी, यातली चिंधी कुठी हाय?"

"फेकली. काळी झाली होती."

"झाली नोयती. केली होती." ती खालीच बसली. "जळक्या चिंधीवरच ठिणगी बसते. अक्का चुलीत चिंधी पेटवे, काळी झाली का नळीत कोंबून बूच लावे. हवा तुटली का विझे."

"अन चूल कशानं पेटवे?"

"आगपेटीनं. अजून कशानं?"

मी मारोतीकडं पाहिलं. "म्हंजे इतके वरसं त्याले..."

"त्याले माईत होतं. तुमालेच माईत नोयतं."

आता धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड पाहिजे होतं. साळीचं लुगडं नायलॉनचं. सुनेची साडी तसलीच. पोराची पँट टेरिकॉटची. सगळी कापूस पिकवणारी माणसं आणि अंगावर सूत एकाच्याच. सगळ्यांच्या नजरा माझ्या धोतरावर आल्या.

"इथं सोडू काय?" मी म्हणालो.

"सोडू नोका. उभे राहा नुसते."

तिनं सोगा धरून टर्रकन फाडला. वीतभर गेलं. लोक तिकडं तोंड करून हसले, शेजारचा म्हातारा इकडं तोंड करून हसला. मग मी स्वतः पोराकडं लायटर मागितला. त्यानं तो लगेच काढून दिला, एवढं शहाणपण त्याला आहे. साळीनं चिंधी पेटवली, काळी झाल्यावर नळीत कोंबली, बूच लावलं. थोड्या वेळानं काढली तर अगदी मी फेकली होती तशीच.

मी म्हणालो, "यंदा मी धरतो. तू हाण."

तिनं हाणली. मी पहिल्यांदा खाली पाहत होतो. ठिणगी चिंधीवर पडली आणि बसली. मोहरीएवढा लाल ठिपका झाला, तो कडेकडेनं पसरत गेला. एवढंसं होतं ते. इतकी वर्षं माझ्या गुडघ्याशी होत होतं. चिंधी वाळल्या गवतात गुंडाळली, फुंकली, धूर आला आणि जाळ झाला.

आमच्याकडं पहिला रोडगा मारोतीला आणि दुसरा विस्तव काढणाऱ्याला. सुनेनं तो नेहमीसारखा माझ्या पानावर ठेवला. मी उचलून साळीच्या पानावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "इस्तू मी कवाच काढला नाही. पोराची माय काढे. मी नुसता ठोकत होतो."

"तरीच," शेजारचा म्हातारा म्हणाला.

साळीनं रोडगा फोडला, तूप सोडलं. मग हळूच विचारलं, "अक्काले कवा देला होता काय हा?"

"नाही."

"तिनं मांगतला नसंन."

"नाही मांगतला."

तिनं अर्धा तुकडा माझ्या पानावर ठेवला. "खा. गरम हाय तवर."

मी खाल्ला.