पुरं झालेलं काम

साहेबांची जीप वेशीबाहेर गेली. तिचा धुरळा खाली बसायच्या आतच सरपंचांची बायको मला म्हणाली, "काढ ते. खाली टाक."

मी अंगावरचं नवं परकर-पोलकं काढलं. ते माझ्या फाटक्या कपड्यांवरूनच चढवलं होतं, म्हणून उघडी पडले नाही एवढंच. पण विहिरीभोवती सगळा गाव उभा होता. शाळेतल्या पोरी उभ्या होत्या. सरपंचांच्या गड्यानं ते कपडे काठीच्या टोकानं उचलले आणि गोठ्याकडं नेले. मी साहेबांना ज्यातून पाणी दिलं, तो पितळी तांब्या विस्तवात टाकला. मी धरलेला दोर तोडून फेकला. विहिरीत गोमूत्र ओतलं. कुणी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. सरपंच तर हसून म्हणाले, "शाबास. जा आता घरला."

मला तहान लागली होती. सकाळपासून उन्हात उभी होते. ज्या विहिरीचं पाणी माझ्या हातानं साहेबांना पाजलं, त्यातला घोट माझ्या तोंडात गेला नव्हता. मागायचं धाडसही झालं नाही. घरी गेले आणि आयनं झिऱ्यावरून आणलेलं गढूळ पाणी घटाघटा प्याले.

चाकणजवळचं आमचं गाव. महारवाडा ओढ्याच्या अंगाला. उन्हाळ्यात ओढा आटला की बाया वाळू उकरायच्या, खड्ड्यात पाझर जमायची वाट बघत बसायच्या, मग वाटीनं पाणी घागरीत भरायच्या. त्यालाच आम्ही झिरा म्हणायचो. गावची विहीर बारमाही भरलेली. आम्ही तिच्या सावलीलासुद्धा जायचं नाही.

नवं राज्य आलं होतं. गावागावात विकासाची कामं निघाली होती आणि ती बघायला तालुक्यावरून ब्लॉकचे साहेब यायचे. साहेब आले की सरपंच विहिरीच्या कट्ट्यावर उभे राहून गावाची कामं सांगायचे. कुठलं एक नंबरला, कुठलं दोन नंबरला. बोलणं मोठं गोड. त्या दिवशी ते म्हणाले, "आमच्या गावात एक नंबरचं काम अस्पृश्यता निवारण. ते काम पुरं झालंय, साहेब. आता डोळ्यानं बघा." मग त्यांनी मला हात केला. दोन दिवस मला शिकवून ठेवलं होतं तसा मी पोहरा सोडला, ओढला, तांब्या भरला आणि साहेबांना दिला. साहेब प्याले. टाळ्या वाजल्या. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? नऊ वर्षांची पोर, अंगावर नवं पोलकं, सगळा गाव टाळ्या वाजवतोय. बरं वाटणारच.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे मला नंतर कळलं. तेही माझ्या दादानं सांगितलं म्हणून.

दादा पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर जायचा. चार लोकांत उठबस होती, बोलायला घाबरत नव्हता. त्या पावसाळ्यानंतर त्यानं ग्रामसेवकाला गाठलं आणि विचारलं, महारवाड्याला विहीर देणार होते त्याचं काय झालं? ग्रामसेवक भला माणूस. खाली मान घालून म्हणाला, "मंजूर व्हायला आली होती. पण साहेबांनी स्वतः बघितलं ना, तुम्ही गावच्या विहिरीवर पाणी भरता म्हणून. मग दुसरी कशाला, असं ठरलं. ते पैसे रस्त्याला गेले."

रस्ता सरपंचांच्या मळ्याकडं जात होता.

दादानं घरी येऊन सांगितलं तेव्हा आय भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा परातीत बघितलं. वाड्यातल्या बायांनीही दोष दिला नाही. फक्त रखमाआजी, जी कुणाला सोडायची नाही, झिऱ्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, "पोर मोठी गुणाची बाई. येका तांब्यात आख्खी हीर पाजली सायबाला." बाया हसल्या. आयसुद्धा हसली. मी वाळूत हात घालून तशीच बसून राहिले.

तेव्हापासून मला टाळ्या ऐकू यायला लागल्या. शाळेत पाटीवर लिहिताना, शेण गोळा करताना, कशाचंच कारण नसताना. पाऊस पत्र्यावर पडला तरी मला ते लोक टाळ्या वाजवताहेत असं वाटायचं. आयच्या डोक्यावर घागर दिसली की माझे हात गार पडायचे. घागर तिच्या डोक्यावर, ओझं माझ्या हातांवर. हे कुणाला सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दोन वर्षांनी पुन्हा निरोप आला. आता मोठे साहेब येणार होते. सरपंचांचा गडी दारात येऊन माझ्या बाला म्हणाला, "पोरीला आंघोळ घालून धाडा." बा म्हणाला, "जी." बा सगळ्याला जीच म्हणायचा. गावकीचं काम त्याच्याकडं, बलुत्याच्या धान्यावर आमची चूल. तो तरी दुसरं काय म्हणणार?

गोठ्यातून तेच परकर-पोलकं निघालं. दोन वर्षांत मी वाढले होते, म्हणून परकराला खाली दुसऱ्याच कापडाची पट्टी जोडली होती. त्याला शेणाचा वास येत होता. कपडे ते, तांब्या तो, कट्टा तो. सरपंचांचं बोलणंही तेच, फक्त आता त्यात पिंपरी आली होती. "पिंपरीला कारखाने उभे राहिलेत, साहेब. उद्या ते चाकणपातुर येतील. आम्हाला मोठा रस्ता पाहिजे, शाळेला दोन खोल्या पाहिजेत. पाण्याचं आणि अस्पृश्यतेचं काम तर कवाच पुरं झालंय."

मी तांब्या भरून साहेबांच्या पुढं केला. मोठे साहेब हौशी होते. तांब्या हातात घेऊन प्रेमानं विचारलं, "काय गं बाळ, तू पण याच विहिरीचं पाणी पितेस ना?"

हे शिकवलेलं नव्हतं. लोकांचे हात टाळ्यांसाठी वर आले होते. गर्दीच्या मागं, लांबवर, आमची माणसं उभी होती. त्यांत आय होती.

मी म्हणाले, "न्हाई. आमाला शिवू देत न्हाईत. तुमी गेल्यावर ह्यो तांब्या इस्तवात टाकत्यात."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. आभाळ कोसळेल, नाहीतर साहेब तरी ओरडतील. सरपंच हसले. म्हणाले, "खुळं हाय पोरगं. चारचौघांत बावरलंय." साहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सरपंचांकडं. त्यांना कळलं होतं. डोळ्यांत दिसलं मला ते. मग तेही हसले आणि पाणी प्याले.

आणि टाळ्या वाजल्या.

संध्याकाळी गावकी बंद झाली. बाला बलुतं मिळणार नाही, वाड्यातल्या कुणाला मळ्यात काम मिळणार नाही, असा हुकूम. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी बाला बोलावून गोडीनं सांगितलं, "साहेब पुन्हा येनार हायत. पोरीनं म्हनावं, चुकून बोलले. मग समदं पयल्यागत. वर तुमची हीर एक नंबरला घेतो. शब्द हाय माझा."

बानं घरी येऊन हे सांगितलं आणि उंबऱ्यात बसला. वाड्यातली माणसं जमली. रखमाआजीसुद्धा पुढं येऊन बसली. सगळे माझ्याकडं बघत होते. विहीर पुन्हा माझ्या तोंडाशी आणून ठेवली होती. एक शब्द बोलले असते तर झालं असतं.

आयनं मला जवळ ओढलं. तिच्या तळव्यांना वाळूनं भेगा पडलेल्या.

"मला हीर पायजे," ती म्हणाली. "लई पायजे." माझी बोटं आपल्या मुठीत धरली. "पर तू जाऊ नगंस."

बा उंबऱ्यातून उठला नाही. पण दादानं विचारलं, "मग काय सांगू त्यास्नी?" तेव्हा पहिल्यांदा बाच्या तोंडातून 'जी' निघालं नाही. तो म्हणाला, "पोरगी सांगंल."

मी सांगितलं. मी येणार नाही.

विहीर झाली नाही. त्या उन्हाळ्यात वाड्यातली दोन घरं पिंपरीकडं गेली, पोटासाठी. जाताना कुणी आमच्याशी बोललं नाही. मी चूक केली असं त्यांना वाटत असेल, आणि त्यांच्या चुली विझल्या होत्या, तेव्हा त्यांचंही खरंच आहे. आय झिऱ्यावर जात राहिली. मी तिच्याबरोबर जात राहिले.

टाळ्या अजून ऐकू येतात. सभा कुठली का असेना, कट्ट्यावर उभा राहून कुणी गोड बोलायला लागला की उठून निघून जावंसं वाटतं. पण आता मी पळत नाही. पुढं जाऊन उभी राहते. आमच्या वतीनं आमचं काम पुरं झालं म्हणून कुणी सांगणार असेल, तर मी तिथल्या तिथं नाही म्हणणार. लोक हसले तरी म्हणणार. त्यानं विहीर देऊ केली तरी म्हणणार. घागरी वाहून आयची कंबर मोडली ती ह्याच 'नाही'पायी, हे मला माहीत आहे. तरी म्हणणार.