मामाजींची हिंदी आणि सुखियाचा हात

दुसऱ्याचं हाड मोडलं की ज्यांना चहा गोड लागतो असे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघाले. आमच्या ह्यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे माझं सासर म्हणजे मामाजींचं जबलपुरातलं, राइट टाउनातलं घर. लढाईचे दिवस होते. खमरियाच्या दारूगोळा कारखान्याकडे नव्या क्वार्टरांच्या रांगा घाईघाईने वर जात होत्या आणि तितक्याच घाईने त्यांच्यावरून माणसं खाली येत होती. पडलेला माणूस आधी दवाखान्यात जायचा आणि तिथून, हातपाय प्लास्टरात घालून, आमच्या ओसरीवर. मामाजी त्याला नुकसानभरपाईचा अर्ज लिहून द्यायचे. फुकट. सरकारी कचेरीत दिवसभर खर्डेघाशी करूनही ज्याचं मन भरत नाही, त्याला घरी येऊन दुसरं काय सुचणार?

बरं, अर्ज लिहायची रीतही जगावेगळी. नुसतं 'पडलो' म्हटलेलं चालत नसे. कुठून पडला, डोक्यावर काय होतं, खाली काय होतं, सगळं मामाजींना डोळ्यांनी बघायचं असे. मी नागपूरहून आलेली नवी नवरी. लग्नाला दोन महिने झाले नसतील, तोच मला स्टुलावर उभं करून, डोक्यावर परात देऊन, मामाजी खालून विचारतात, "आता कोणता पाय सटकेल, सूनबाई?" जखमी गवंडी बिचारा आपलं दुखणं विसरून माझ्याकडे दयेने बघायचा. मामीजी आतून म्हणायच्या, पाडाच तिला एकदाची, म्हणजे घरचाही एक अर्ज होऊन जाईल.

आणि त्या अर्जांची हिंदी! मराठी वाक्याला शेवटी 'है' चिकटवलं की हिंदी होते, अशी मामाजींची ठाम समजूत. आमचे हे कोर्टात कारकून. एकदा भीत भीत म्हणाले, मी जरा नजर टाकू का? तर तीस वर्षं जबलपुरात काढलेल्या माणसाला तू हिंदी शिकवून राहिला काय, म्हणून त्यांनाच झापलं.

अशात सुखिया आली. मझौलीकडची रेजा, म्हणजे विटा-गारा वाहणारी मजूरबाई. परांची मोडून खाली आली आणि उजवा हात कायमचा निकामी झाला. ठेकेदाराचं म्हणणं, बाई स्वतःच्या चुकीने पडली. झालं, मामाजी पेटले. अर्जामागून अर्ज गेले. कचेरीतून परतताना ठेकेदाराच्या दारात उभं राहायचा त्यांनी नेमच धरला. सुखियाही रोज येऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसायची. मामाजींच्या लेखणीकडे बघत राहायची. शेवटी ठेकेदार कंटाळला. त्याचा मुन्शी घरी आला, भरपाई कबूल आहे म्हणाला, फक्त कागदावर बाईचा अंगठा पाहिजे.

मामाजींनी चष्मा चढवला. कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, राजीनामा.

"हात तर घेतलाच, आता कामही सोडवून राहिला काय रे तिचं?" असं अस्सल मराठीत गरजून त्यांनी कागदाचे चार तुकडे केले. मुन्शी चपला तिथेच टाकून पळाला. सुखियाला काय झालं ते कळलं नाही, पण बाबूजी आपल्यासाठी भांडले एवढं समजून तिने डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी हे घरी आले. तुकडे जुळवून वाचले आणि हळूच म्हणाले, "मामाजी, इकडे राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. नोकरी सोडतात त्याला इस्तीफा म्हणतात."

मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू? पण सुखिया अजून ओसरीवरच होती. तिला पाहिलं आणि हसू विरून गेलं.

दुसऱ्या दिवशी मामाजी ह्यांना सोबत घेऊन ठेकेदाराकडे गेले. कधी कुणा साहेबापुढे मान न वाकवलेल्या माणसाला त्याने दोन तास बाकावर बसवून ठेवलं आणि मग सगळ्या मजुरांदेखत माफी लिहायला लावली. मामाजींनी ती लिहिली. चुकीला वाव नको म्हणून शब्द न् शब्द ह्यांच्याकडून तपासून घेतला.

मग नवा कागद आला. सुखियाने डावा अंगठा उठवला आणि भरपाई तिच्या पदरात पडली. मामाजी आता भाषण करणार म्हणून आम्ही सरसावून बसलो. तेवढ्यात तिने विचारलं, "बाबूजी, अब काम पे कब से आएँ?"

तिला वाटलं होतं, हे सगळं तिला काम परत मिळावं म्हणूनच चाललं आहे. एका हाताच्या रेजेला कुणी कामावर घेणार नाही हे तिच्याखेरीज आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. मामाजींनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पहले घर हो आओ, बेटी," एवढंच म्हणाले. 'हौ' म्हणून तिने होकाराची मान डोलावली आणि गेली.

मामाजींना जाऊनही आता कैक वर्षं झाली. घरात चार माणसं जमली की मी अजून त्यांची नक्कल करते आणि सगळे पोट धरून हसतात. पण सुखिया 'हौ' म्हणून निघाली तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आजवर कुणाला करून दाखवता आलेला नाही.