टपालकाकांची मांडणी

टपालकाका निवृत्त झाले आणि घरातल्या नेलकटरचे ग्रह फिरले.

काकांनी नोकरीभर एकच काम केलं होतं, टपालाचं सॉर्टिंग. समोर भिंतभर खण, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, पत्त्यावर नजर पडली न पडली तोच उजव्या हाताने पत्र खणात. ती लय त्यांच्या बोलण्यातही शिरली होती. जेवताना ताटाकडे बघून म्हणायचे, "बटाटा. मार्गे घसा. मुक्काम पोट." आणि घास रवाना व्हायचा.

असा माणूस घरी बसला, आणि घर होतं काकूंचं. काकू शिवणकाम करायच्या, तेही साधं नाही, नाटकांचे पोशाख. राजे, राक्षस, पऱ्या, पोपट, सगळे त्यांच्या मशीनखालून जायचे. घरातल्या बारीकसारीक वस्तू त्यांनी रिकाम्या डब्यांत ठेवल्या होत्या, आणि कुठल्या डब्यात काय आहे हे फक्त त्यांच्या डोक्यात होतं. विचारायला गेलं की चौकशीच्या खिडकीवर उभं राहिल्यासारखं वाटायचं.

"अगं, सुई कुठे आहे?"

"बिस्किटांच्या डब्यात. म्हणजे बिस्किटांचा नाही, तो निळा, ज्यात आधी पावडर होती, त्याच्या मागचा. झाकण जपून काढा, आत टाचण्या आहेत."

"सुईच्या डब्यात टाचण्या कशाला?"

"मग काय थर्मामीटरच्या डब्यात ठेवू?"

काका थर्मामीटर कुठे आहे हे विचारायच्या भानगडीत पडले नाहीत. पण त्यांच्या मनाने घेतलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना घरात करण्यासारखं काहीतरी दिसलं. तोवर ते खुर्ची उचलून इकडून तिकडे बसत होते, आणि काकू दर वेळी म्हणत होत्या, "अहो, जरा तिकडे व्हा, मला कापड पसरायचंय." तिकडे झाले की तिथे इस्त्री असायची.

काकांनी सुताराला गाठलं आणि जुन्या कपाटाच्या फळ्यांतून मांडणी करून घेतली. लहान लहान खण, अगदी कचेरीतल्यासारखे. मग सगळे डबे जमिनीवर ओतले आणि सॉर्टिंगला बसले. पद्धत त्यांची त्यांची. वस्तू कसली आहे हे बघायचं नाही, ती जाणार कुठे हे बघायचं. "बल्ब. मुक्काम न्हाणीघर. गोंद. मुक्काम लेकीची चप्पल. किल्ली..." किल्लीपाशी हात थांबला. "पत्ता अपूर्ण." अपूर्ण पत्त्याच्या वस्तूंसाठी सगळ्यांत खालचा खण. खात्याचा नियमही त्यांनी घरी आणला. ज्या वस्तूचा पत्ता लागत नाही, ती पाठवणाऱ्याला परत.

लेक दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. घरीही ती त्याच गोड आवाजात बोलायची, आत कुणीतरी ओरडतंय आणि आपल्याला ऐकू येत नाही अशा. ती म्हणाली, "बाबा, छान झालंय हं. आई, तू पाच मिनिटं शांत बस हं, दुखणार नाही."

काकूंनी मांडणीला एक प्रदक्षिणा घातली. "दिसायला बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण सांगून ठेवते. मी एक वस्तू मागितली आणि ती या खणांत मिळाली नाही, की मांडणी घराबाहेर."

"मंजूर," काका म्हणाले. म्हणाले ते वरवर सहज. मांडणी गेली की पुन्हा ती खुर्ची आणि ते 'जरा तिकडे व्हा.'

'घराबाहेर' म्हणजे कुठे, हेही लगेच ठरलं, कारण वरच्या मजल्यावरचा सलूनवाला दारातच उभा होता. त्याला मांडणी बघताक्षणी आवडली होती. कंगवे, ब्रश, वस्तरे, सगळ्यांना खण. तो बोलायचा तेसुद्धा कात्री चालवल्यासारखा. "काका. मांडणी. झकास. नको असली. तर मी. वर. नेतो." त्या दिवसापासून सकाळी दुकानात जाताना तो डोकावायचाच. "काका. काही. हरवलं?"

"नाही."

"बरं. सहज. विचारलं."

काही हरवलं नाही. काकूंनी कसून परीक्षा घेतली. स्वयंपाक करता करता मध्येच म्हणायच्या, "छत्रीची तार." काका न उठता खण सांगायचे. "चष्म्याचा स्क्रू." हजर. एकदा तर झोपेतून उठवून बुचाचं रबर मागितलं, तेही निघालं. काकांची मान ताठ झाली. लेक म्हणाली, "आई, पुढची तारीख घे आता."

आणि मग अस्वल आलं.

शाळेच्या नाटकातलं अस्वल. तीन पाय शिवून झाले होते, चौथा कापून पडला होता आणि संध्याकाळी बाई पोशाख न्यायला येणार होत्या. केसाळ कापडाने मशीन सारखं अडायचं, म्हणून सकाळी काकूंनी मशीनच्या पोटातली बॉबिनची डबी काढली, पुसली, तेल दिलं आणि खिडकीत ठेवून त्या बाजारात गेल्या.

नेमका तेवढ्यात सलूनवाला आला. मांडणीच्या लांबीरुंदीचा अंदाज घ्यायचा म्हणून त्याने हातातलं केस कापायचं मशीन खिडकीत टेकवलं, वितीने मोजलं, मशीन उचललं आणि गेला.

काकांची नजर खिडकीत गेली. अंगठ्याच्या पेराएवढं काहीतरी चकचकीत, तेलकट, एका बाजूला पातीची जीभ. त्यांनी ते उलटंसुलटं केलं. "पत्ता नाही." मग डोकं चालवलं. तेल ओलं आहे. इथे आत्ता कोण टेकलं होतं? सलूनवाला. काका समाधानाने उठले, जिना चढले आणि वस्तू सलूनवाल्याच्या बायकोकडे देऊन आले. "यांच्या मशीनचं पडलं होतं. पाठवणाऱ्याला परत."

काकू बाजारातून आल्या, अस्वलाचा पाय मांडीवर घेतला आणि खिडकीकडे हात केला. हात रिकामा परत आला.

"अहो, इथली बॉबिनची डबी कुठल्या खणात टाकलीत?"

इतक्या वर्षांत काकांनी काकूंचं मशीन ऐकलं होतं, आत डोकावून कधी पाहिलं नव्हतं. "ती कशी असते?" त्यांनी विचारलं.

"चकचकीत. अशी एवढी. पातीची जीभ असते."

काकांना वर देऊन आलेली वस्तू आठवली. तरी ते मांडणीसमोर गेले आणि एकेक खण बघितल्यासारखं केलं. काकू बघत होत्या. "संध्याकाळपर्यंत देतो," काका म्हणाले आणि चपला उलट्यासुलट्या घालून निघाले.

सलूनवाला गिऱ्हाइकाच्या दाढीला साबण लावत होता. "ती. वस्तू? बायकोने. इथे आणून. दिली. माझी. नव्हे." त्याने विचारपूर्वक ब्रश फिरवला. "मला वाटलं. घड्याळजींची. काल. ते. दाढीला. आले होते. माझ्या. मशीनला. चिकटली. असेल. दिली. पाठवून." मग त्याच्या ध्यानात आलं. "काका. ती. हरवलीय. का?" गिऱ्हाइकाच्या नाकाला साबण लागला.

घड्याळजी कोपऱ्यावरच्या खोपटात डोळ्याला भिंग लावून बसायचे. बोलणं इतकं संथ की वाक्य संपेपर्यंत एखादं घड्याळ मागे पडावं. "हां... ती होय... घड्याळाची नाही ती..." काका एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. "मी पाहिली... म्हटलं शिवणयंत्राची... आणि या आळीत... यंत्राचा आवाज येतो... तो एकाच घरातून..."

"मग?"

"मग काय... देऊन आलो... वहिनींना... तुम्ही नुकतेच... बाहेर पडला होतात..."

काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचले तेव्हाच मशीनचा आवाज आला. अस्वलाचा चौथा पाय लागत होता. आनंद व्हावा की काय व्हावं, त्यांना कळेना. ते तिथेच कठड्याला धरून थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग वर गेले.

"पत्ता नसलेली वस्तू," त्यांनी दारातूनच बाजू मांडली, "तीन हात फिरली आणि बरोबर घरी पोचली. टपाल असंच पोचतं."

"मी मागितली तेव्हा खणात होती का?" काकूंनी दोरा दाताने तोडला.

"नव्हती."

"मग?"

काका वकिली करणारे नव्हते. खाली बसले आणि एकेक खण रिकामा करायला लागले. सुया, रबरं, स्क्रू, बॅटरीचे सेल, सगळं चादरीवर. लेक दवाखान्यातून आली ती दारातच थबकली. तिच्या मागे सलूनवाला होता, दोरी घेऊन. "सहज. आलो."

"आई," लेक म्हणाली, "हे सगळं आता ठेवायचं कुठे?"

"कुठे म्हणजे? माझ्या डब्यांत." काकू उठल्या आणि त्यांनी निळा डबा उघडला. त्यात आता पोपटाची हिरवी पिसं होती. दुसऱ्यात राक्षसांचे दात. तिसऱ्यात परीच्या टिकल्या, रंगवार लावलेल्या. डबे रिकामे झाले तसे काकूंनी एकेक करून शिवणकामात ओढले होते, आणि आता त्यांतला एकही सोडवत नव्हता.

त्यांनी झाकण हळूच लावलं. "मांडणी राहू दे," त्या म्हणाल्या. "माझे डबे अडकलेत."

सलूनवाल्याने दोरी गुंडाळली. "हरकत. नाही."

"पण एक," काकू काकांना म्हणाल्या, "यापुढे घराबाहेर काही परत पाठवायचं झालं, तर आधी मला दाखवायचं."

"खात्यात असं नसतं," काका पुटपुटले.

"खात्यात मी नव्हते."

काकांनी लगेच चादरीवरून एक वस्तू उचलली. काळी, वाकडी, दोन भोकांची. "हे बघ मग. कसलं आहे?"

काकूंनी ती उजेडात धरली, भोकातून पलीकडे पाहिलं, लेकीला दाखवली. लेकीने मान हलवली. घड्याळजी असते तर त्यांनी भिंग लावलं असतं. काकू काकांशेजारी चादरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "सरका जरा. दोघं बघू."