पिवळी पडलेली टाकी

देसाईमॅडम प्रयोगशाळेत आल्या की पर्स खांद्यालाच ठेवून एकेक फ्लास्क उचलायच्या आणि कापसाच्या बुचाला नाक लावून वास घ्यायच्या. आत सूक्ष्मशैवाल वाढत असायचं. नुसत्या डोळ्यांना ते हिरवं पाणीच दिसे. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "वल्ल्या गवताचा वास आला म्हंजे बरं हाय. कुजका आला तर आधी तुझी चूक शोध, मग शैवालाची."

मी कोल्हापुरात त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. मॅडम गडहिंग्लजच्या. वर्गात प्रमाण मराठी, बाहेर घरची. स्वतःबद्दलही 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलायच्या. पुण्याच्या एका परीक्षकांनी त्यावर हसून टोकलं, तर म्हणाल्या, "पावणं, आमच्यात बायका अशाच बोलत्यात की."

जयसिंगपूरजवळच्या एका दूध केंद्रात आमची टाकी होती. दुधाचे कॅन धुतलेलं पाणी त्यात सोडायचं, शैवाल त्यातली घाण खाऊन वाढायचं, आणि निवळलेलं पाणी शेताला द्यायचं. तीन महिने टाकी हिरवीगार राहिली. केंद्राचे अध्यक्ष पाहायला येणार होते. त्यांना पटलं तर मोठा हौद बांधला जाणार होता, आणि माझं पुढचं सगळं काम त्या हौदावर अवलंबून होतं.

त्या सकाळी मी आधी पोचले. टाकी पिवळट पडली होती. शैवाल मेलं होतं. पाहुण्यांना दाखवायला मी प्रयोगशाळेतून हिरव्या पाण्याचे दोन कॅन आणले होते. ते दोन्ही मी टाकीत ओतले आणि बांबूनं, मग हातानंही ढवळलं. रंग बरा दिसू लागला.

मॅडम आल्या. त्यांनी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

"ह्यात काय वतलंस?"

मी सांगितलं. तेवढ्यात अध्यक्ष आले.

"सायेब, टाकी मेली," मॅडम म्हणाल्या. "हा हिरवा रंग आम्ही सकाळी वतलाय. ह्यो खरा न्हाय." मग त्यांनी अध्यक्षांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेवर पारदर्शक बारीक जीव वळवळत होते, पोटं हिरवी. "ह्यांनी आमचं शैवाल खाल्लं. ह्यांना कसं रोखायचं, मला आज ठावं न्हाय."

"बघू," म्हणून अध्यक्ष निघून गेले. हौद बारगळला.

परतीच्या एस.टी.त मी रडत होते. मॅडमनी भडंगाची पुडी सोडून माझ्या हातावर ठेवली.

"भ्यालीस व्हय?"

"हो."

"मीबी भ्यालो. म्हणून घाईनं सांगून टाकलं. आणखी थोडा येळ गेला असता तर गप बसलो असतो."

पुढचं दीड वर्ष आम्ही त्या जीवांच्याच मागे होतो. पाण्याचा आम्लपणा थोडा वेळ वाढवला की ते मरतात आणि शैवाल तगतं, हे हाती लागायला तेवढा काळ गेला. माझा प्रबंध लांबला. एक दिवस अध्यक्ष स्वतः प्रयोगशाळेत आले. "सापडलं का कायतरी? त्या दिवशी ठावं न्हाय म्हणालात, म्हणून इचारायला आलो," म्हणाले. जाताना माझ्याकडे पाहून हसले, "तवा तुमचं हात कोपरापर्यंत हिरवं हुतं." टाकी पुन्हा सुरू झाली.

निवृत्तीनंतर मॅडम गडहिंग्लजला राहायला गेल्या. गेल्या वर्षी आजारी पडल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांना उठवतही नव्हतं.

"टाकी कशी हाय?"

चांगली आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. त्यांच्या भाचीनं दारातच बजावलं होतं, त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका. तरी मी म्हणाले, "परवा पुन्हा पिवळी पडली, मॅडम. या खेपेला ते जीव नाहीत. काय झालंय, कळत नाही."

मॅडमनी भाचीला पाठीशी उशी लावायला सांगितली.

"नमुना घेतलास?"

"घेतलाय."

"पाणी किती तापलं हुतं? वास कसला येतोय?"

तासभर त्या प्रश्न विचारत होत्या. भाचीनं दोनदा औषध पुढं केलं, दोन्ही वेळा त्यांनी हातानंच थांब म्हटलं. आमचं ते शेवटचं बोलणं.